कॅनडाची थंडी मालवणच्या अक्षांशावर

जगाच्या नकाशावर मालवण-देवगडच्या किनाऱ्यापासून पश्चिमेकडे एक सरळ आडवी रेघ ओढा. अरबी समुद्र, येमेन, अख्खी आफ्रिका, मग अटलांटिक महासागर ओलांडून ही रेघ शेवटी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सालिना क्रूझ नावाच्या बंदराजवळ पोहोचते. विषुववृत्तापासून मालवण जेवढं दूर, तेवढंच हे बंदर. तिथेही आंबे पिकतात, नारळ वाढतात आणि कोळंबीच्या होड्या समुद्रात जातात.

जानेवारीतला एखादा दिवस. आभाळात ढगाचा ठिपका नाही. समुद्राचं पाणी अठ्ठावीस अंशांवर, अंगाला कोमट लागणारं. आणि बघता बघता जमिनीकडून वारा सुटतो. ताशी पन्नास, सत्तर, नव्वद किलोमीटर! वाळू उडून डोळ्यांत जाते, महामार्गावरचे रिकामे ट्रक आडवे होतात. वारा दोन-तीन दिवस थांबत नाही, आणि तेवढ्यात समुद्राचं पृष्ठभागावरचं पाणी चक्क आठ अंशांनी गार होऊन जातं. कोकणातल्या समुद्राचं असं काही झालं तर? कल्पनाही करवत नाही.

एवढं सगळं घडलं कुठून? तर पाच हजार किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, काही दिवसांपूर्वी आभाळ निरभ्र होतं आणि बर्फावर एक लांबलचक रात्र पसरली होती, तिथून.

उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर हिवाळा नेमका कसा येतो, हे समजून घ्यायचं तर त्या रात्रीपासूनच सुरुवात करायला हवी.

ध्रुवाजवळ डिसेंबर-जानेवारीत सूर्य जेमतेम डोकावतो. जी काही उन्हाची तिरीप पोहोचते ती पांढरा बर्फ परतवून लावतो. आणि हाच बर्फ आपल्यातली उष्णता अवकाशात सोडण्यात मात्र अत्यंत तरबेज आहे. वर ढगांचं पांघरूण नसेल, वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतची हवा दिवसेंदिवस गार होत जाते. उणे तीस, उणे चाळीस. उणे चाळीस अंशांची एक घनमीटर हवा साधारण दीड किलो भरते, आणि पंचवीस अंशांची तेवढीच हवा बाराशे ग्रॅमच्याही किंचित आत. म्हणजे गार हवा पाव हिश्श्याहून जड! फ्रीजरचं दार उघडल्यावर गारवा पहिल्यांदा पायांवर उतरतो, तो याच वजनामुळे. आता तो फ्रीजर महाराष्ट्राच्या कितीतरी पट मोठा आहे असं समजा, आणि त्याचं दार दक्षिणेकडे उघडतं.

पण इथेच पहिलं कोडं आहे. जड हवा पसरणार, हे ठीक. मग ती चारी दिशांना पसरून विरून का जात नाही? थेट दक्षिणेचीच वाट का धरते?

याचं उत्तर एका पर्वताकडे आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत उत्तर-दक्षिण उभी आहे, तीन-चार हजार मीटर उंच. गार हवेचा थर असतो बसका, बरेचदा एक-दोन किलोमीटर जाडीचा. भिंत ओलांडायची त्याची ताकद नाही. शिवाय पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारी प्रत्येक गोष्ट आपल्या उजव्या हाताला वळू पाहते. दक्षिणेकडे निघालेल्या हवेचा उजवा हात म्हणजे पश्चिम. आणि पश्चिमेला तर भिंत! त्यामुळे ही हवा सतत भिंतीला रेलते, वळता येत नाही म्हणून भिंतीच्या कडेकडेनं पुढे सरकते. डावीकडे मैदानच मैदान आहे. कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत तिला आडवा येणारा एकही पूर्व-पश्चिम पर्वत नाही.

जगाचा नकाशा पुन्हा पाहा. पश्चिमेला उंच भिंत आणि पूर्वेला मोकळी वाट, अशी रचना आणखी कुठे दिसते? तिबेटच्या पठाराच्या पूर्वेला. तिथून सायबेरियाची थंडी चीनमधून खाली दक्षिण चीन समुद्रात उतरते. आणि दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पूर्वेला. तिथे सगळं उलटं: हवा दक्षिण ध्रुवाकडून उत्तरेला निघते, दक्षिण गोलार्ध असल्यामुळे डावीकडे वळू पाहते, पण तिची डावी बाजू म्हणजे पुन्हा पश्चिमच! तीही अँडीजला रेलते आणि थेट ॲमेझॉनच्या जंगलात जाऊन पोहोचते. तीन खंड, तीन भिंती, आणि थंडीच्या तीन नद्या. मला तर हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हापासून पर्वतांकडे नुसते पर्वत म्हणून पाहताच आलेलं नाही.

मग आपल्याकडे काय? आपली भिंत आडवी आहे. हिंदुकुश आणि हिमालय सायबेरियाची ही जड हवा पलीकडेच अडवून धरतात. याचा अर्थ किती मोठा आहे पाहा. मेक्सिकोच्या आखातावरचं तांपिको हे बंदर साधारण आपल्या बडोद्याच्या अक्षांशावर आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये तिथे, समुद्रसपाटीवर, बर्फ पडला होता. हाँगकाँगही जवळपास त्याच रेषेवर. २४ जानेवारी २०१६ रोजी तिथे पारा ३.१ अंशांपर्यंत उतरला. आणि आपली मुंबई? तिची आजवरची सर्वांत थंड नोंद २२ जानेवारी १९६२ ची, ७.४ अंश. समुद्रकाठच्या मुंबईत बर्फ कधी पडला नाही, याचं बरंचसं श्रेय दीड हजार किलोमीटरवरच्या हिमालयाला द्यायला हवं.

आता पुन्हा अमेरिकेच्या मैदानात येऊ, कारण आपली थंडी एव्हाना तिथे पोहोचली आहे. तिच्या पुढच्या कडेला कोल्ड फ्रंट म्हणतात, म्हणजे शीत आघाडी. ही कड किती धारदार असू शकते? ११ नोव्हेंबर १९११ ची गोष्ट. ओक्लाहोमा शहरात दुपारी तापमान होतं २८ अंश, लोक उन्हाळी कपड्यांत. मध्यरात्रीपर्यंत ते उणे आठवर आलं. त्या तारखेचा सर्वाधिक उष्णतेचा आणि सर्वाधिक थंडीचा, असे दोन्ही विक्रम त्या शहरात एकाच दिवशी झाले आणि दोन्ही अजून कायम आहेत. एका दिवसात छत्तीस अंशांचा फरक!

अशी ही आघाडी दोन-तीन दिवसांत टेक्सासच्या किनाऱ्यावर येते आणि पुढे तिला दिसतं पाणी. पंचवीस अंशांच्या आसपासचं, वाफाळतं म्हणावं असं मेक्सिकोचं आखात. इथून पुढचं नाट्य मला सगळ्यांत विलक्षण वाटतं.

होडीत बसलेल्या माणसाला ते असं दिसतं. आघाडी येण्याआधी हवा दमट, उबदार, दक्षिणेकडून मंद झुळूक. समुद्र निवांत. मग वारा हळूहळू नैर्ऋत्येला सरकतो, पश्चिमेला सरकतो, हवेचा दाब उतरत जातो. वायव्येला क्षितिजावर ढगांची एक गडद पट्टी उमटते. ती डोक्यावर आली की पावसाची सर, आणि त्याच क्षणी वारा उडी मारून उत्तरेचा होतो. दाब झपाट्यानं चढतो. तासाभरात ढग निघून जातात आणि वर धुऊन काढल्यासारखं निळंभोर आभाळ राहतं. पण खाली समुद्र खवळलेला असतो. नवख्या माणसाला वाटतं, आभाळ मोकळं झालं, वादळ गेलं. जाणत्याला कळतं की ते आत्ता सुरू झालंय.

मेक्सिकोतले लोक या वाऱ्याला ‘नोर्ते’ म्हणतात, म्हणजे उत्तरेचा. तिथलं वेराक्रूझ हे बंदर जवळपास ठाण्याच्या अक्षांशावर आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी बंदरासमोरच्या एका खडकाळ बेटावर सान हुआन दे उलुआ नावाचा किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याची भिंत शत्रूला अडवण्यासाठी असते, हे तर आपल्या जलदुर्गांमुळे आपल्या रक्तातच आहे. या किल्ल्याच्या एका तटाला मात्र जाडजूड धातूच्या कड्या ओळीनं बसवल्या होत्या. गलबतं तटाच्या आडोशाला, दक्षिणेच्या अंगाला आणून या कड्यांना करकचून बांधायची. कशासाठी? नोर्ते सुटला की ती फुटू नयेत म्हणून. सोन्या-चांदीनं भरलेली गलबतं, आणि त्यांना राखणारी भिंत चाच्यांइतकीच कॅनडाच्या थंडीपासूनही राखत होती. ही कॅनडाची थंडी आहे हे त्या खलाशांना अर्थातच ठाऊक नव्हतं. त्यांना वाऱ्याची दिशा आणि ताकद तेवढी ठाऊक होती.

आणि फ्लोरिडाजवळ हा वारा आणखी एक करामत करतो. तिथून गल्फ स्ट्रीम हा जबरदस्त सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहतो. वारा उत्तरेकडून, पाणी दक्षिणेकडून. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड होतात, उभ्या होतात, भिंतीसारख्या चढतात. वाऱ्यात उत्तरेचा अंश असेल तर गल्फ स्ट्रीम ओलांडायची नाही, हा तिथल्या शिडाच्या होड्यांचा पहिला नियम आहे.

पण थंडीचं काय होतं? आता खरा चमत्कार.

वातावरणाचा एक स्तंभ डोळ्यांसमोर आणा, जमिनीपासून वर अवकाशापर्यंतचा. त्या अख्ख्या स्तंभाला एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता समुद्राच्या फक्त वरच्या अडीच मीटर पाण्याला एक अंश तापवायला लागते. सगळं आकाश एकीकडे आणि अडीच मीटर पाणी एकीकडे! आपला गार थर तर एक-दीड किलोमीटरच जाडीचा. त्याच्याशी बरोबरी करायला अर्धा मीटर पाणीही पुरतं. म्हणजे युकॉनच्या महाकाय थंडीला समुद्रासमोर उभं राहायचीही ऐपत नाही. समुद्र तिला सहज गिळून टाकतो.

मात्र गिळताना तो किंमतही मोजतो. गार, कोरडी हवा तहानलेली असते. ती पाण्याची वाफ ओढून घेते, सोबत उष्णताही. अशा वेळी समुद्राच्या दर चौरस मीटरमागून ५०० वॅटहून अधिक उष्णता हवेत जाऊ शकते. हिवाळ्यात दिवस-रात्रीची सरासरी काढली तर सूर्य तिथे त्याच्या निम्मीही देत नाही. उपग्रहातून पाहिलं तर हा व्यवहार डोळ्यांनी दिसतो: किनाऱ्यापासून थोडं दूर, वाऱ्याच्या दिशेनं पांढऱ्या ढगांच्या लांबच लांब, समांतर ओळी उमटतात. समुद्रानं दिलेली वाफ वर जाऊन तिथे ढग झालेली असते.

आघाडी क्यूबा ओलांडून कॅरिबियन समुद्रात उतरते तोवर तिच्या दोन्ही बाजूंची हवा जवळपास सारखीच उबदार झालेली असते. थंडी संपली. हवामानशास्त्रज्ञांनाही मग तिला शीत आघाडी म्हणवत नाही. उरते ती वाऱ्यातली एक रेषा: अलीकडे वारा मंद, पलीकडे जोराचा. आणि ही रेषासुद्धा काही कमी नाही. हवानाचा मालेकॉन हा समुद्रकाठचा प्रसिद्ध रस्ता उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यातल्या आघाड्यांच्या लाटा त्याचा कठडा ओलांडून शहरात घुसतात. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर तर याच वाऱ्यांमुळे भर हिवाळ्यात पावसाळा असतो.

या साऱ्यात तिथल्या जिवांचं काय होतं हे थोडक्यात सांगतो, कारण ते न सांगता पुढे जाववत नाही. १९ जानेवारी १९७७ च्या सकाळी मायामी शहरात बर्फ भुरभुरला. त्याआधी किंवा त्यानंतर तिथे तो पडल्याची नोंद नाही. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या सरकारी हवामान कार्यालयानं लोकांना सावध केलं की आज रात्री झाडांवरून इग्वाना पडू शकतात! हे मोठे सरडे थंडीनं लाकूड होतात, फांदीवरची पकड सुटते, आणि ऊन चढलं की बरेचसे उठून चालू लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर हजारो समुद्री कासवं थंडीनं बधिर होऊन तरंगू लागली, तेव्हा लोकांनी ती होड्यांतून, गाड्यांतून उचलून एका संमेलनगृहाच्या फरशीवर ओळीनं मांडून ठेवली आणि ऊब दिली. आणि एप्रिलमध्ये, उशिरा आलेली एखादी आघाडी उत्तरेकडे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना भर समुद्रात गाठते. जेमतेम तीन ग्रॅमचे हमिंगबर्ड एका दमात आठशे किलोमीटरचं हे आखात ओलांडत असतात. समोरून उत्तरेचा वारा आला की थकलेले पक्षी किनाऱ्यावरचं पहिलं झाड दिसताच त्यावर अक्षरशः कोसळतात. टेक्सासमधल्या हाय आयलंड या गावी अशा दिवशी एकेक झाड रंगीबेरंगी पक्ष्यांनी लगडून जातं.

आता पुन्हा सालिना क्रूझकडे. थंडी तर आखातानं गिळली. मग मालवणच्या अक्षांशावरच्या त्या वाऱ्याचं काय?

थंडी गेली तरी एक गोष्ट शिल्लक राहते, वजन. मेक्सिकोच्या आखातावर जड हवा साचलेली असते, तिथे दाब जास्त. पलीकडे पॅसिफिकवर उबदार, हलकी हवा, तिथे दाब कमी. मध्ये सिएरा माद्रेच्या रांगा, दोन हजार मीटर आणि त्याहून उंच. पण या रांगेला एका ठिकाणी भगदाड आहे. तेहुआन्तेपेकच्या संयोगभूमीत, जिथे मेक्सिको देश दोनशे किलोमीटरइतका अरुंद होतो, तिथे चिवेला नावाची खिंड आहे, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आत. एवढा मोठा दाबाचा फरक आणि त्यातून सुटायला एवढीशी वाट!

मोकळ्या आकाशात वारा कधीच जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ धावत नाही, पृथ्वीचं फिरणं त्याला वळवतं. खिंडीत मात्र दोन्ही बाजूंना डोंगर आहेत. वळायला जागाच नाही. म्हणून इथे वारा सरळ धाव घेतो. पलीकडे उतरताना हवा दाबली जाते, दाबली की तापते, आणि तापली की आणखी कोरडी होते. त्यामुळे कॅनडाहून निघालेली ही हवा पॅसिफिकवर पोहोचते ती गारठा म्हणून नव्हेच, तर निरभ्र आकाशातलं एक कोरडं वादळ होऊन. तेहुआनो हे तिचं तिथलं नाव. ऑक्टोबर ते एप्रिल तिचा हंगाम. तिचा झोत समुद्रात पाचशे किलोमीटरपर्यंत जातो, आणि डोंगरांचा पहारा सुटला की निमूटपणे उजवीकडे वळू लागतो. जोरदार तेहुआनो चक्रीवादळाच्या वेगाला शिवतो.

शिडाच्या होड्या पॅसिफिककडचं हे तेहुआन्तेपेकचं आखात कसं ओलांडतात माहीत आहे? सरळ रेषेत जाण्याऐवजी अगदी किनाऱ्याला चिकटून, एक पाय वाळूत ठेवल्यासारखं. वारा तिथेही तेवढाच असतो, तोंडावर वाळूचा मारा होतो. पण वारा जमिनीकडून येतो, त्यामुळे किनाऱ्यालगत त्याला लाट उभी करायला अंतरच मिळत नाही. वारा आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बुडवते ती लाट. किती साधं, किती खोल शहाणपण!

खिंडीच्या तोंडाशी ला व्हेन्तोसा नावाचं गाव आहे, जवळच ला व्हेन्ता. १९९४ मध्ये ला व्हेन्तात सात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आज तो सगळा परिसर पवनचक्क्यांनी भरला आहे, आणि त्या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या झापोतेक लोकांचा या प्रकल्पांशी संघर्षही झाला आहे.

वाऱ्याचं खरं काम मात्र पाण्याखाली चालतं. उष्ण कटिबंधातला निळाशार, आरपार दिसणारा समुद्र बहुधा उपाशी समुद्र असतो. पृष्ठभागावर ऊन भरपूर, पण खत नाही. मेलेले जीव, विष्ठा, सगळं काही खाली बुडतं, कुजतं आणि त्यातली पोषकद्रव्यं अंधारात साठून राहतात. वर कोमट, हलक्या पाण्याचं झाकण. ऊन वर आणि खत खाली, दोघांची गाठ पडत नाही. तेहुआन्तेपेकच्या आखातात हे झाकण पातळ आहे, काही दशक मीटरांचंच. तेहुआनो ते घुसळतो, पृष्ठभागाचं पाणी लोटून नेतो आणि खालचं गार, पोषक पाणी वर येतं. पृष्ठभाग आठ अंशांनी थंड झाला तो यामुळे. ती थंडी कॅनडाची नव्हेच, ती त्याच समुद्राच्या पोटातली!

काही दिवसांत उपग्रहाच्या चित्रांत तिथे हिरवा फराटा दिसतो. सूक्ष्म वनस्पती प्लवकांचा बहर. त्यावर छोटे जीव, त्यांवर मासे, माशांवर कुपा आणि समुद्रपक्षी. वारा थांबल्यावरही काम संपत नाही. त्यानं फिरवलेलं पाणी शेकडो किलोमीटर रुंदीचे भोवरे होऊन महिनोन्‌महिने पश्चिमेकडे वाहत राहतं, किनाऱ्याचं पोषण आत खोल समुद्रात घेऊन जातं.

आपल्या समुद्रातही हिवाळा हे काम करतो, पण त्याची रीत निराळी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर अरबी समुद्रावर जमिनीकडून कोरडा, गारसर ईशान्य वारा वाहतो. तो फार जोराचा नसतो. पण तो पाण्याची वाफ करत राहतो, त्यामुळे वरचं पाणी गारही होतं आणि खारटही. दोन्हींमुळे जड. जड पाणी आपोआप खाली जातं, खालचं वर येतं. खिंड नाही, झोत नाही, तरी समुद्र आतून ढवळला जातो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे दाखवून दिलं. भर हिवाळ्यात ईशान्य अरबी समुद्र सुपीक का होतो, याचं उत्तर त्यांनी गोव्यातल्याच दोना पावलात शोधलं.

आणि दक्षिण चीन समुद्रात काय होतं ते ऐकाल तर विश्वास बसणार नाही. तिथे सायबेरियाची लाट विषुववृत्तापर्यंत धडकते. विषुववृत्ताजवळ चक्रीवादळ तयारच होऊ शकत नाही, असं सगळी पुस्तकं सांगायची. पृथ्वीच्या फिरण्याचा वळवणारा जोर तिथे जवळपास शून्य असतो, मग हवेला गिरकी देणार कोण? पण २७ डिसेंबर २००१ ला वामेई नावाचं चक्रीवादळ सिंगापूरजवळ, विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर जन्मलं. आठवडाभर चिकाटीनं वाहणारा थंडीचा वारा बोर्निओ आणि मलाय द्वीपकल्प यांच्यामधल्या अरुंद समुद्रात शिरला, तिथे आधीपासून घोटाळणाऱ्या एका भोवऱ्याच्या कडेनं वेगात गेला आणि त्यानंच गिरकी दिली. सायबेरियाच्या बर्फानं विषुववृत्तावर वादळ घडवलं.

मध्य अमेरिकेच्या डोंगररांगेला तेहुआन्तेपेकसारखी आणखी दोन भगदाडं आहेत, निकाराग्वाच्या सरोवराजवळ आणि पनामात. तिन्हींतून हिवाळ्यात वाऱ्याचे झोत पॅसिफिकवर येतात. आता एक मजेची गोष्ट. अटलांटिक आणि पॅसिफिक जोडायचा विचार माणसानं केला तेव्हा कोणत्या जागा पुढे आल्या? पनामा, निकाराग्वा आणि तेहुआन्तेपेक! जेम्स ईड्स या अभियंत्यानं तर १८८० च्या दशकात तेहुआन्तेपेकवरून आख्खी जहाजं रुळांवर चढवून पलीकडे न्यायची योजना मांडली होती. वाऱ्यानं शोधलेल्या वाटा माणसानं पुन्हा शोधल्या. कालवा झाला तो पनामात.

त्याच पनामाच्या आखातात दरवर्षी जानेवारी ते एप्रिल उत्तरेचे वारे खालचं गार पाणी वर आणतात. मासेमारी त्यावर चालते, आणि तापत्या समुद्रात तिथल्या प्रवाळांनाही या गारव्याचा आधार मिळतो. पनामातली स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्था याच्या नोंदी ठेवत आली आहे. चाळीस वर्षांच्या त्या नोंदींत गार पाणी एकदाही चुकलं नव्हतं. २०२५ मध्ये ते पहिल्यांदा चुकलं. पृष्ठभाग नेहमीसारखा थंड झालाच नाही, हिरवा बहर फिका राहिला. संशोधकांनी वाऱ्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की वारे सुटले तेव्हा त्यांचा जोर नेहमीइतकाच होता. फक्त ते फार कमी वेळा सुटले आणि लवकर थांबले. समुद्राखालचं खत जागच्या जागीच होतं. पनामात हे लगेच कळलं, कारण तिथे कोणीतरी चार दशकं चिकाटीनं पाण्याचं तापमान लिहून ठेवत होतं. उष्ण कटिबंधातल्या अशा बहुतेक किनाऱ्यांवर तेवढ्या जुन्या नोंदी नाहीत. तिथे एखाद्या वर्षी गार पाणी आलं नाही, तर ते पहिल्यांदा जाळ्यातल्या मासळीवरूनच कळेल.